गच्चीवर रात्री दीडला कोण असतं?

देवरे ए-७०१ (सकाळी ६:१२): सर्वांना नमस्कार. काल पुन्हा रात्री दीड वाजता गच्चीवर खुर्ची ओढल्याचा आवाज. सलग चौथी रात्र. गच्ची आमच्या डोक्यावर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, हिला बीपी आहे हेही माहीत आहे. ज्यांच्या घरी आकाशाचा अभ्यास चालतो त्यांनी समजून घ्यावं. नाव घेत नाही 🙏

कुलकर्णी आजोबा ए-१०२: शुभ प्रभात 🌻

पगार बी-२०३: काका, नाव नाही घेतलंत, फक्त पत्ता दिलात 😄

सोनवणे काकू बी-५०२: देवरे भाऊ, अख्ख्या सोसायटीत खगोलशास्त्र शिकणारी एकच मुलगी आहे. आडून कशाला बोलता? पार्किंगच्या वेळीही असंच केलं होतं. मृण्मयीकडे दुर्बीण नाही. कधीच नव्हती.

बोरस्ते वहिनी ए-४०४: वरच्या टाकीचं झाकण रोज सकाळी उघडं असतं. कमिटीने लक्ष द्यावं.

देवरे ए-७०१: ताई, पार्किंगचा इथे काय संबंध? आणि दुर्बीण नाही तर अभ्यास कशाचा? तीन वाजेपर्यंत तिच्या खोलीत लाइट असतो.

पगार बी-२०३: दीडला काका जागे, तीनलाही काका जागे. आहेर साहेब, वॉचमनचा पगार वाचवा.

आहेर सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका टाळावी. गच्चीची चावी केबिनमध्ये असते, रजिस्टरवर सही करून घ्यावी.

जोशी बी-३०१: रजिस्टरमधली शेवटची सही दिवाळीची आहे. फोटो टाकू का?

आहेर सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे.

मृण्मयी बी-५०२ (सकाळी ९:४०): काका, मी गच्चीवर गेलेच नाही. ज्या दुर्बिणीवर माझं काम चालतं ती इथून १५ लाख किलोमीटर लांब आहे. जेम्स वेब. तिने टिपलेला बराचसा डेटा आर्काइव्हमध्ये सगळ्यांसाठी खुला आहे. ज्यांनी वेळ मागून घेतलेली असते त्यांच्याकडे तो साधारण एक वर्ष राहतो, मग कोणीही उतरवून घ्यायचा. मी लॅपटॉपवर तेच करते. लाइट त्याचाच.

देवरे ए-७०१: म्हणजे नासाचे फोटो बघते. ते आम्हीही मोबाइलवर बघतो.

शिंदे काकू ए-५०३: (अनेक वेळा फॉरवर्ड केलेले) जेम्स वेबने काल रात्री टिपलेले दिव्य दृश्य!! ११ जणांना पाठवा 🙏🙏

मृण्मयी बी-५०२: काकू, हा फोटो वेबचा नाही, हबल या जुन्या अंतराळ दुर्बिणीचा आहे. मोठ्या ताऱ्यांना चार टोकं दिसतायत ना, ती हबलची खूण. वेबचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे, त्यामुळे त्याच्या ताऱ्यांना सहा मोठी टोकं येतात, आणि पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे आणखी दोन बारीक. एकूण आठ.

शिंदे काकू ए-५०३: असेल बाई. भाव महत्त्वाचा.

पगार बी-२०३: टोकं मोजून दुर्बीण ओळखली! जत्रेतल्या बैलाचे दात बघतात तसं 😂

बोरस्ते वहिनी ए-४०४: टाकीच्या झाकणाबद्दल कोणीच बोलत नाही. पाखरं पडतात पाण्यात.

मृण्मयी बी-५०२: देवरे काका, फोटो बघण्याचं म्हणालात म्हणून टाकते. (फोटो) ही माझी कालची स्क्रीन.

पगार बी-२०३: हा तर करपलेला रवा.

मृण्मयी बी-५०२: 😄 तसाच असतो. रंगीत फोटो खूप नंतर होतो. आधी नुसते आकडे, प्रत्येक ठिपक्याला एक. मध्ये जे पांढरे गोळे दिसतायत ते तारे नाहीत. अंतराळातले वेगवान कण कॅमेऱ्यावर आदळतात त्याचे डाग आहेत, त्यांना स्नोबॉलच म्हणतात. ते वेगळे काढले नाहीत तर डागालाच दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, समजून बसू. तीन रात्री त्यात गेल्या. डावीकडे खाली एक फिकट पुसट ठिपका आहे, झूम करा. ती दीर्घिका. तिचा आकार चकतीसारखा आहे की गोळ्यासारखा, एवढंच मला ठरवायचंय. अशा काही शे आहेत.

जोशी बी-३०१: हे काम मोठं आहे हो. गेल्या नोव्हेंबरात पेपरात आलं होतं, पुण्याच्या एनसीआरए या खगोल संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच डेटातून एक दीर्घिका शोधली. अलकनंदा.

पगार बी-२०३: आलं, पुणं आलं. वाटच बघत होतो.

जोशी बी-३०१: बातमी सांगतोय. पुण्याचे आहेत त्याला मी काय करू?

कुलकर्णी आजोबा ए-१०२: पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला त्याच संस्थेच्या ३० तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटरची. आम्ही प्रेसमधून सहल नेली होती. ही दीर्घिका त्यांनीच टिपली का?

मृण्मयी बी-५०२: नाही आजोबा, त्या रेडिओ लहरींसाठी आहेत. अलकनंदा वेबने टिपली, ओळखली मात्र पुण्यात बसून. २१ फिल्टरमधून तिचा प्रकाश मोजलेला होता, त्यावरून अंतर काढता आलं. आपल्याला दिसते ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं तेव्हाची. आज विश्वाचं वय १३.८ अब्ज. गंमत म्हणजे इतक्या लहान वयात तिला दोन छान वळलेल्या सर्पिल भुजा आहेत. अशी घडी बसायला खूप जास्त काळ लागतो असं सगळे धरून चालले होते.

पगार बी-२०३: नाव अलकनंदा का पण? गोदावरी का नाही? आमची नदी काय वाईट आहे?

मृण्मयी बी-५०२: आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून.

पगार बी-२०३: पुढची नाशिककरांनी शोधायची आणि नाव गोदा ठेवायचं. ठराव मांडतो.

देवरे ए-७०१: दीड अब्ज वर्षांपूर्वी की दीड अब्ज वर्षांचं? आज दिसते तर तेव्हाची कशी?

कुलकर्णी आजोबा ए-१०२: देवरे, पुरात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी गंगापूर धरणातून आत्ता सुटलेलं असतं का? सुटून वेळ झालेला असतो. धरणावर आत्ता काय चाललंय ते मारुतीला कळत नाही. प्रकाशाचं तेच. फक्त वाट १२ अब्ज वर्षांची.

मृण्मयी बी-५०२: आजोबा 🙏 हे मी प्रेझेंटेशनमध्ये वापरणार. एवढ्या वाटेत विश्व पसरतं, त्याबरोबर प्रकाशही ताणला जातो आणि इन्फ्रारेडमध्ये सरकतो. तो उष्णतेसारखाच, म्हणून दुर्बीण स्वतः गार हवी. वेबला उन्हाच्या बाजूने टेनिस कोर्टाएवढी पाच थरांची छत्री आहे, एकेक थर केसाएवढा पातळ. सावलीत साधारण उणे २३३ अंश.

देवरे ए-७०१: पाच थर. आमच्या छतावर वॉटरप्रूफिंगचा एक थर टाकायला तीन वर्षं कोटेशन मागवणं चाललंय. आहेर साहेब, वाचताय ना?

आहेर सेक्रेटरी: विषय एजीएममध्ये घेतलेला आहे. उपस्थिती ९ सदस्य होती. त्यात आपण नव्हता.

देवरे ए-७०१: मी आजारी होतो आणि तसं कळवलं होतं.

जोशी बी-३०१: मृण्मयी, या वेबवर वेळ कोणाला द्यायची ते कोण ठरवतं?

मृण्मयी बी-५०२: जगातून अर्ज येतात, मिळतो थोड्यांनाच. पण तपासणाऱ्यांना अर्ज कोणाचा ते कळत नाही, नावं झाकलेली असतात. कल्पना किती चांगली तेवढंच बघायचं.

पगार बी-२०३: कमिटीची निवडणूक अशीच घ्या. नाव झाका, काम बघा.

आहेर सेक्रेटरी: पगार, मेंटेनन्स मार्चपासून बाकी आहे. नाव झाकून सांगू का?

पगार बी-२०३: 🙏

देवरे ए-७०१: सगळं ठीक. पण हे करून मिळतं काय? ग्रहतारे बघून कोणाचं पोट भरलंय?

कुलकर्णी आजोबा ए-१०२: पुढच्या वर्षी सिंहस्थात तुमच्या दुकानावर गर्दी होईल ती कशामुळे? गुरू सिंह राशीत येतो म्हणूनच ना? १२ वर्षांचा हिशोब कोणीतरी रात्री जागूनच मांडला असेल. त्याच्याही डोक्यावर कोणी देवरे राहत असतील.

सोनवणे काकू बी-५०२: 👏👏 आणि आवाजाबद्दल कोणी माफी मागणार आहे का, की मुलीने फक्त शिकवणीच घ्यायची?

देवरे ए-७०१: मी नाव घेतलं नव्हतं.

बोरस्ते वहिनी ए-४०४: तिसऱ्यांदा लिहितेय. टाकीचं झाकण. आमचे हे सातपूरहून सेकंड शिफ्ट करून येतात, दमलेले असतात, तरी रोज वर जाऊन झाकण लावून येतात. कमिटीचं काम हे का करतात?

पगार बी-२०३: वहिनी, किती वाजता येतात दादा?

बोरस्ते वहिनी ए-४०४: एक-सव्वा होतो. जेवून वर जातात.

पगार बी-२०३: टाकी तर सात फूट उंच. हात पुरतो?

बोरस्ते वहिनी ए-४०४: तिथे लग्नाच्या वेळची प्लास्टिकची खुर्ची पडलीय, ती टाकीपाशी ओढून घेतात आणि चढतात. का?

जोशी बी-३०१: 😶

सोनवणे काकू बी-५०२: वाचलंत ना देवरे भाऊ.

कुलकर्णी आजोबा ए-१०२: 🌻

देवरे ए-७०१ (दुपारी १२:०५): बोरस्ते वहिनी, दादांना सांगा, खुर्ची उचलून घ्यावी, ओढू नये. मृण्मयी, तो डावीकडचा ठिपका झूम करून पाहिला. मला तो चपटा वाटला.

मृण्मयी बी-५०२: मलाही काका. पण अजून दोन फिल्टर बघायचेत.

बोरस्ते वहिनी ए-४०४: ते सगळं खरं, पण हे रात्री दीडला लावून येतात आणि सकाळी सहाला झाकण परत उघडं असतं. मग उघडतं कोण?