सासूबाईंना पंधरा दिवस केअर सेंटरमध्ये ठेवायचंय, आधी सांगू का?

सासूबाईंना अल्झायमर आहे, निदान होऊन चार वर्षं झाली. दिवसा बऱ्या असतात पण संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होतं, बसलेल्या घरातच असतात तरी. रात्री उठून दाराची कडी काढतात. आता माझं ऑपरेशन आहे आणि नवऱ्याला एकट्याला दोघींचं झेपणार नाही म्हणून पंधरा दिवस रेस्पाइट केअरमध्ये (म्हणजे घरच्यांना जमत नसेल तेव्हा थोडे दिवस सांभाळतात तिथे) ठेवायचं ठरलंय, जागा बघून आलो, बरी वाटली. गेल्या आठवड्यात त्यांना सांगितलं तर खूप रडल्या, अर्ध्या तासात विसरल्यासुद्धा, पण रात्रीपर्यंत गप्प गप्पच होत्या. तेव्हापासून माझी हिंमतच होत नाहीये.

प्रतिसाद १
ताई, बोललेलं गेलं पण जिवाला लागलेलं राहिलं, या आजारात असंच होतं. रोज रोज सांगून रोज नव्याने रडवू नका. त्याच दिवशी थोडक्यात सांगा, आणि न्यायचं ते सकाळीच, संध्याकाळी अजिबात नको. आधी एक-दोनदा तासभर नुसतं बसवून आणलंत तर फार बरं.

प्रतिसाद २
मला थोडं वेगळं वाटतं. वडिलांना आम्ही न सांगता नेलं, त्यांना तेव्हा बरंच कळत होतं, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अजून सलतं ते. किती समजतंय त्यावर ठरवा.

प्रतिसाद ३
मी अशाच ठिकाणी नर्स होते. एक कागद लिहून द्या, औषधं तर हवीतच पण बाथरूमला कधी जातात, घाबरल्या की कशाने शांत होतात हे जास्त उपयोगी पडतं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन यांवर नाव घाला, हरवतातच. पांघरूण घरचंच द्या, मुद्दाम धुवू नका, ओळखीचा वास राहू दे. रात्री किती जण ड्युटीवर असतात आणि झोपेचं औषध तुम्हाला न विचारता देतात का हे स्पष्ट विचारा. आणि तिथे एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ फार वाढला तर "आजारच वाढला" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा आणि लघवी तपासायला सांगा, म्हाताऱ्या माणसांत इन्फेक्शन कधीकधी असंच दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती
वाचता वाचता रडले. त्यांना सगळे माई म्हणतात, कागदावरच्या नावाने हाक मारली तर आता ओ देत नाहीत. तेच सगळ्यात आधी लिहिते.