क्लच अगदी वर उचलतो: केबल ताणायची की प्लेट बदलायची?

मानेवाडा_हॅचबॅक
नमस्कार मंडळी. केबल क्लचची पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किमी, प्लेट अजून पहिलीच. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. नागपुरात सदर भागातल्या उड्डाणपुलावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, वेग तेवढाच राहतो. रिव्हर्स टाकताना कधीकधी करकर होते. मिस्त्री म्हणतो केबल ताणून देतो. त्यानं दोन्ही जाईल का?

खामला_गिअरबॉक्स
भाऊ, केबल ताणू देऊ नका, बहुतेक उलटंच करावं लागेल. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चकतीवर, दाबून धरणारा भाग) डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर ती बोटं ढकलणारं बेअरिंग) सरकतात. म्हणून झिजेसोबत पेडलची मोकळी चाल कमी होते आणि क्लच वर उचलू लागतो. चाल संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांवर टेकून राहतं, क्लच अर्धवट दाबलेला राहतो. त्यात केबल ताणली तर स्लिप (प्लेट घसरणं, म्हणजे तुमचा चौथ्यातला त्रास) वाढणार आणि बेअरिंगही जाणार.

आधी मोजा. इंजिन बंद, पेडलशेजारी स्टीलची पट्टी उभी धरा, बोटानं पेडल दाबा. जड लागेपर्यंत जितकं खाली जाईल ती मोकळी चाल. बऱ्याच केबल गाड्यांत ती १५ ते २५ मिमीच्या आसपास असते. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा.

चाल कमी असेल तर बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या रिलीज लिव्हरपाशी केबलचं आटे असलेलं टोक शोधा. टोक पकडीनं धरून ठेवा, नाहीतर आतली तार पिळली जाते. नट सैल केला की चाल वाढते. एकेक फेरा द्या, पेडल ५-६ वेळा दाबा, परत मोजा. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ॲडजस्टमेंट सोडा, केबलच बदला.

वाडी_वर्कशॉप
रिव्हर्सची करकर वेगळी बाब आहे. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रचना) नसतो. क्लच पूर्ण दाबून ३-४ सेकंद थांबा, मग टाका. आवाज गेला तर दोष नाही. तरीही वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाही: चाल जास्त आहे, पेडलखाली मॅट अडतेय किंवा प्लेट स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचा) अडकतेय. म्हणून नट सैल करताना हात आखडता ठेवा. चाल गरजेपेक्षा वाढली तर स्लिप थांबेल, पण सगळेच गिअर अडतील.

हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) हे करू नये. तिथं झीज बहुधा आपोआप भरून निघते. पेडल मऊ लागलं किंवा खालीच राहिलं तर क्लचच्या ऑइलची पातळी, मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरची गळती बघा, मग ब्लीडिंग करा, म्हणजे ऑइलमधली हवा काढा.

मानेवाडा_हॅचबॅक
चाल ४ मिमी निघाली. मॅन्युअलप्रमाणे १८ केली. थांबून टाकला तर रिव्हर्स वाजत नाही. स्लिप कमी झाली, पण चौथ्यात अजून आहे.

खामला_गिअरबॉक्स
म्हणजे प्लेट संपत आलीय, किंवा तिच्यावर तेल आलंय. नट आणखी सैल करून काही मिळणार नाही. हँडब्रेक ओढून, चौथा टाकून क्लच सोडून बघायची चाचणी करायचीच असेल तर एकदाच. इंजिन लगेच बंद पडायला हवं. परत परत केली तर प्लेटवरचं उरलेलं लायनिंगही (घर्षणाचा थर) जळेल. मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं तर अजिबातच नको.

गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच लागते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. एकटी प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत.

वाडी_वर्कशॉप
गिअरबॉक्स खाली आला की समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून ओल आहे का? असेल तर तो आधी बदलायचा, नाहीतर नवी प्लेटही भिजेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का? डाग असतील तर फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं), तडे खोल असतील तर फ्लायव्हील नवं. डाग तसेच ठेवले तर गाडी उचलताना थरथरते.

तिसरं बसवण्याचं. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खुणेप्रमाणेच हवी. सेंटरिंग टूल (प्लेट बरोबर मध्यावर धरणारं अवजार) लावून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ थर, लायनिंगला तेलकट हात नको. पहिले ५०० किमी सौम्य चालवा, आणि त्यानंतर पेडलची चाल परत मोजा.