गावच्या दगडी देवळाला ऑइल पेंट. यात्रेआधी थांबवायचं कसं?

पारनेरची लेक:
माझं माहेर पारनेर तालुक्यात. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे, चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं. शिखर तेवढं नंतरचं, विटांचं. बाहेर लिंबाखाली वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत, एकावर गाईगुरं कोरलेली स्पष्ट दिसतात. परवा चुलतभावाचा फोन आला. वर्गणी जमली आहे, चैत्रातल्या यात्रेआधी काम उरकायचंय: सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून दगड 'कोरा' करणार, खांबांना सोनेरी ऑइल पेंट, गाभाऱ्यात ग्रॅनाइट, फटींत सिमेंट. वीरगळ नव्या चौथऱ्यात चिणणार, म्हणजे चपलांना जागा होईल! मी नको म्हटलं तर म्हणतो, "ताई, तू पुण्यात राहतेस. पावसात गळतं ते आम्ही बघतो." पुरातत्त्वकडे तक्रार करू का?

कायद्याचा किडा:
आधी देऊळ संरक्षित यादीत आहे का बघा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागतो. १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगी घेऊन. राज्याच्या यादीसाठी १९६० चा कायदा आहे. पण दोन्ही याद्या मिळून काहीशेच स्मारकं, आणि जुनी देवळं गावोगाव. तुमचं बहुतेक कुठल्याच यादीत नसणार. मग कायद्याने अडवण्यासारखं फारसं हातात राहत नाही. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयात अर्ज देता येतो, पण त्याचा निकाल यात्रेआधी लागेल या भरवशावर राहू नका.

जुना मिस्त्री:
ताई, तक्रार केलीत की देऊळ राहिलं बाजूला, भांडण तुमच्या भावकीत सुरू होईल. मी नगर भागात दगडाचं आणि चुन्याचं काम केलंय, रंगवलेली देवळंही पुष्कळ बघितलीत. रंगावरून वाद घालूच नका. गळतीवर बोला. भाऊ गळतं म्हणतोय ते खरंच आहे, आणि त्याने सांगितलेल्या कामांत गळती थांबवणारं एकही काम नाही.

छतावर चढून बघायला सांगा. वरचा चुन्याचा कोबा फुटलेला असणार, त्यावर माती साठून गवत उगवलेलं असणार, पन्हळी बुजलेल्या असणार. पाणी तिथून उतरतं. खालून फटींत सिमेंट भरलं तर पाणी थांबत नाही, आत कोंडतं. बिनचुन्याच्या बांधणीत दगड जरा जरा हलतात, आत आलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद होते. पेंटचंही तेच. जमिनीतली ओल दगडात चढते आणि पृष्ठभागावरून वाळते. वर पेंटचा थर आला की ओलीबरोबरचे क्षार त्याच्यामागे साठतात, फुगतात, आणि पापुद्रा सुटताना दगडाची सालही घेऊन येतो. मग लोक म्हणतात, रंग हलका होता, दुसरा हात मारा.

ग्रॅनाइटबद्दल एवढंच विचारा: फरशी बसवल्यावर गाभाऱ्याची पातळी चार बोटं वर येणार, मग अभिषेकाच्या पाण्याची वाट तीच राहील का? ती बुजली की पाणी पायात मुरतं. सँडब्लास्टिंग मात्र काहीही करून थांबवा. रंग उद्या काढता येतो. वाळूच्या माऱ्याने टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खुणा आणि मूर्तींची नाकंडोळी गेली की ती परत आणणारा कारागीर जन्मायचाय.

शिखरात पिंपळ आहे का? असला तर कुणाला ओढू देऊ नका, मूळ विटा घेऊन येतं. बुंध्याशी कापायचा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, फुटला तर पुन्हा. मूळ पुरतं वाळलं की ती जागा चुन्याने भरायची.

माजी सरपंच:
मिस्त्री बोलले ते बरोबर, पण गावाची बाजूही ऐका. वर्गणी देणाऱ्याला आपला पैसा दिसायला लागतो. छतावरचा कोबा कोणाला दिसणार? आमच्याकडेही टाइल्स लागल्या, आणि खरं सांगू का, म्हाताऱ्या बायकांना देऊळ उजळ झाल्याचा आनंद झाला. शहरातली माणसं दोन दिवस येतात, "प्राचीन" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात.

सई, वास्तुरचनाकार:
सरपंचसाहेब, पैसा दिसावा हे मान्य. तो देवळाच्या अंगावरच दिसायला हवा असं कुठे आहे? चपलांसाठी शेड, पिण्याचं पाणी, ओढ्याकडे संरक्षक भिंत, प्रवेशाला कमान आणि देणगीदारांची नावं त्या कमानीवर. वीरगळांना आहेत तिथेच बुटका कठडा. देऊळ उजळ करायचं तर साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, ॲसिड नको.

आणि ताई, मीटिंगमध्ये पंढरपूरचा दाखला द्या. २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यातलं ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला. जिथे सगळं गाव वारीला जातं तिथेच काढलं, तर आपण आता कशाला बसवायचं? माझ्या भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, अनुभव आहे.

पारनेरची लेक:
भावाला पंढरपूरचं सांगितलं, गप्प झाला. छतावर पोरं चढवली. गुडघाभर गवत आणि दोन्ही पन्हळी बंद. ग्रॅनाइट तूर्त रद्द. कमानीला सगळे एका पायावर तयार. सोनेरी रंगाचं मात्र अजून घोंगडं भिजत पडलंय, ठेकेदाराला उचल दिली आहे म्हणे.

जुना मिस्त्री:
उचल बुडवायची नाही, त्याच ठेकेदाराला कमान रंगवायला द्या. हवी तेवढी सोनेरी करू दे. कोब्यासाठी मात्र चुन्याचं काम हाताखाली केलेला माणूस बघा. चुना किती दिवस भिजवणार, असं विचारा. "लगेच वापरतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि कामाला हात लावण्याआधी प्रत्येक खांबाचे, प्रत्येक वीरगळाचे फोटो काढून ठेवा. रात्री बॅटरी बाजूने तिरकी धरा, झिजलेली अक्षरं असतील तर तेव्हाच दिसतील.