मदत हवी आहे: हँड हायजीन ऑडिटचा (हातांच्या स्वच्छतेच्या तपासणीचा) आकडा आणि हँडरबचा (हातांना चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाचा) खप जुळत नाही

नागपूर, खासगी रुग्णालय, १२ खाटांचं आयसीयू. प्रशिक्षणानंतर हात कधी स्वच्छ करायचे हे सांगणाऱ्या डब्ल्यूएचओच्या ५ क्षणांनुसार निरीक्षण केलं: २०-२० मिनिटांची सत्रं, हात स्वच्छ करायच्या एकूण २०० संधी, पालन ८८ टक्के. खप मात्र १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) जेमतेम ९ लिटर. किमान २० अपेक्षित. वही घेऊन कुणी उभं राहिलं की हात आपोआप चोळले जातात, दुसरं काय!

निरीक्षक बदलले, रात्रपाळीतही पाहिलं, फरक नाही. बाटल्या प्रत्येक खाटेशी आहेत. साबणाने धुणं वेगळं नोंदवलंय, तेवढ्याने तफावत भरून निघत नाही. सेन्सर-कॅमेऱ्याला बजेट नाही, आणि या आकड्यावरून सिस्टरांवर कारवाई करायची नाही.

प्रत्येक पाळीला खाटेजवळची बाटली वजन करून खप काढायचा विचार आहे. कुणी केलंय का? गळती आणि इतरत्र नेलेल्या बाटल्या हिशेबात कशा धरता?