शेवटचा हॅलोजन काढला आणि सगळेच एलईडी लुकलुकायला लागले

प्रश्न

बैठकीच्या खोलीत फॉल्स सीलिंगमध्ये ६ स्पॉटलाइट आहेत. एमआर १६ आकाराचे, दोन बारीक पिनांचे, १२ व्होल्टचे, ३५ वॅटचे हॅलोजन. तीन दिव्यांना एक असे दोन इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर सीलिंगच्या वर आहेत आणि त्यांच्यावर '३५–१०५ वॅट' छापलंय. त्याच पिनांचे १२ व्होल्ट, ५ वॅटचे एलईडी आणले. एका गटातले दोन बदलले तोवर सगळं व्यवस्थित होतं. तिसरा बदलल्याबरोबर तिन्ही लुकलुकायला लागले. दुसऱ्या गटात तर तिन्ही एलईडी लावले की पेटतच नाहीत. एक हॅलोजन परत लावला की पुन्हा ठीक.

पॅसेजमधले ४ स्पॉट थेट २३० व्होल्टवर आहेत, जीयू १० होल्डर (बल्ब वळवून बसवायचा), ५० वॅट, डिमरवर. तिथे एलईडी लावल्यावर डिमर गुणगुणतो आणि बंद केल्यावरही दिवे अगदी मंद पेटलेले दिसतात.

एलईडीच खराब आहेत का? ट्रान्सफॉर्मर बदलावा की काढूनच टाकावा? की सरळ सीएफएल स्पॉट घ्यावेत?

प्रतिसाद १

एलईडी चांगले आहेत. तुमचं उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या लेबलवरच आहे: त्याला किमान ३५ वॅटचा लोड, म्हणजे जोडलेल्या दिव्यांचा एकूण भार, लागतो. दोन एलईडी आणि एक हॅलोजन म्हणजे ५ + ५ + ३५ = ४५ वॅट, म्हणून चालला. तिन्ही एलईडी म्हणजे १५ वॅट, आणि तिथे तो अडला.

याचं कारण त्याच्या रचनेत आहे. हा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर नव्हे. आत दोन ट्रान्झिस्टर दर सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होतात, आणि ते चालू ठेवणारा इशारा लोडच्या करंटमधूनच मिळतो. करंट कमी पडला की आंदोलन थांबतं, थोड्या वेळाने सर्किट पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतं, पुन्हा थांबतं. तुम्हाला लुकलुक दिसते ती हीच. त्यात हॅलोजनची तार सलग करंट ओढते, तर एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेजच्या टोकालाच घोट घेतं. म्हणून कधीकधी बेरीज किमान लोडच्या वर जाऊनही त्रास राहतो.

एक हॅलोजन ठेवून काम भागवू नका. तो एकटा ३५ वॅट खातो आणि तो जळाला की उरलेले दोन पुन्हा लुकलुकतील.

तुमच्याकडे जड, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असता तर एलईडी पेटले असते, कारण त्याला किमान लोड लागत नाही. पण हलक्या लोडवर त्याचं व्होल्टेज १२ च्या वर चढतं. ते मोजून बघावं आणि बल्बवरच्या मर्यादेशी ताडावं.

सूचना: इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट साध्या मल्टिमीटरने मोजू नका. ते ५० हर्ट्झचं नसतं, त्यामुळे आकडा भलताच येतो आणि माणूस चांगला ट्रान्सफॉर्मर खराब ठरवतो.

प्रतिसाद २

आता करायचं काय. दोन रस्ते आहेत.

पहिला, आणि तुमच्या खोलीसाठी मला योग्य वाटणारा: ट्रान्सफॉर्मर काढा, त्या जागी १२ व्होल्ट डीसीचा एलईडी ड्रायव्हर (२३० व्होल्ट एसीचं १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) लावा. होल्डर, वायर, दिवे तेच. एका गटाचा लोड १५ वॅट आहे, तर २० ते २५ वॅटचा ड्रायव्हर घ्या. १५ चा अगदी बेताचा घेतला तर सीलिंगच्या उष्णतेत तो कायम काठावर चालेल. घेताना आउटपुट नीट वाचा. '१२ व्होल्ट डीसी' असा एकच आकडा हवा. '२४–४२ व्होल्ट, ३५० मिलीअँपिअर' असं लिहिलेला ड्रायव्हर स्थिर करंटचा असतो, तो पॅनेल लाइटसाठी. इथे चालणार नाही. बल्बवर '१२ व्होल्ट एसी/डीसी' असेल तर कुठली पिन अधिक, कुठली उणे याची चिंता नको.

जुन्या वायरी पुरतात का, हा प्रश्न इथे येतच नाही. तीन हॅलोजन मिळून पावणेनऊ अँपिअर ओढत होते, तीन एलईडी सव्वा अँपिअर ओढतील.

काम करताना: एमसीबी पाडा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका. फेज गेला याची खात्री मल्टिमीटरने करा, टेस्टरच्या एकट्या दिव्यावर विसंबू नका. हॅलोजन नुकता चालू असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुढची काच आणि रिंग चटका देतात. स्प्रिंग रिंग पकडीने दाबून काढा, बल्ब सरळ खाली ओढा (वळवायचा नाही, वळवायचा तो जीयू १०). ट्रान्सफॉर्मरच्या इनपुट आणि आउटपुटच्या वायरींवर काढण्याआधीच चिकटपट्टीने खुणा करा. सीलिंगच्या भोकातून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि १२ व्होल्टच्या दिव्यांवर २३० सोडले तर तिन्ही एका क्षणात जातात.

होल्डर बाहेर काढून बघा. चिनीमातीवर काळा डाग, पिनेची भोकं सैल, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं, यातलं काहीही दिसलं तर होल्डर बदला. हॅलोजनच्या मागच्या बाजूला खूप उष्णता जाते, त्यामुळे हे फार ठिकाणी आढळतं. सैल पिनेवर ठिणग्या उडतात, नवा एलईडी तिथे लुकलुकतो आणि दोष बल्बला दिला जातो.

दुसरा रस्ता: ट्रान्सफॉर्मर कायमचा काढून २३० व्होल्टचे जीयू १० होल्डर बसवणे. मधला भागच जातो, पुढे बिघडायला काही उरत नाही, हा मोठा फायदा. पण दिव्याची चौकट २३० व्होल्टसाठी मान्य असली पाहिजे आणि धातूची असेल तर अर्थिंग आलंच. १२ व्होल्टच्या बाजूची वायर २३० ला चालेल असं गृहीत धरू नका, आवरणावरचा आकडा वाचा किंवा नवी ओढा. आणि बारीक पिनांच्या जुन्या होल्डरला थेट २३० जोडायचं हे तर अजिबात नको. पुढे कोणीतरी १२ व्होल्टचा बल्ब आणून त्यात घालणारच.

प्रतिसाद ३

सीएफएल स्पॉटचा विचार सोडा. नळी वळवून स्पॉटच्या आकारात कोंबली तरी प्रकाश एका झोतात येत नाही, सगळीकडे पसरतो. पूर्ण उजेड यायला वेळ लागतो, बल्ब चौकटीबाहेर येतो, आत पारा असतो, आणि डिमरवर बहुतेक चालतच नाही.

एलईडी निवडताना वॅट शेवटी बघा, आधी ल्युमेन (उजेडाचं माप) आणि झोताचा कोन. इथे एक गोष्ट सहसा सुटते: १२ व्होल्टचा हॅलोजन त्याच वॅटच्या २३० व्होल्टच्या हॅलोजनपेक्षा जास्त उजळ असतो, कारण त्याची तार जाड असते आणि जास्त तापवता येते. ५० वॅटचा जीयू १० झोतात साधारण ३०० ते ३५० ल्युमेन देतो. तेवढाच उजेड १२ व्होल्टचा ३५ वॅटवाला देतो. १२ व्होल्टचा ५० वॅटवाला ५०० च्या पुढे जातो. म्हणून तुमच्या दोन्ही जागी ३५० ल्युमेनच्या आसपासचे ५ वॅटचे एलईडी पुरतील. पण १२ व्होल्ट, ५० वॅटच्या जागी तेच लावले तर खोली अंधारलेली वाटेल. तिथे ७–८ वॅट हवेत.

कोन: हॅलोजनचा नेहमीचा ३६–३८ अंश. तेवढेच ल्युमेन ६० अंशांत पसरवले तर मध्यभागचा उजेड निम्म्याहून कमी होतो. चित्र किंवा टेबलावर झोत हवा असेल तर ३६ च ठेवा, पॅसेजला ६० बरा. रंग २७०० ते ३००० केल्विन घेतलात तर हॅलोजनच्या जवळ जाईल. रंगांची अचूकता, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असेल तर चेहऱ्याचा आणि लाकडाचा रंग मेल्यासारखा दिसत नाही. ८० चा दिवा मोजपट्टीवर तेवढाच उजळ भरतो, पण लाल रंग फिका पाडतो.

सगळे बल्ब घेण्याआधी एकच घेऊन भिंतीसमोर हात धरून बघा. सावलीला तीन-चार कडा दिसल्या तर आत वेगवेगळ्या चिप आणि प्रत्येकीची वेगळी लेन्स आहे. एकाच चिपचा दिवा हॅलोजनसारखी एक स्वच्छ सावली देतो. डोळ्याला खुपतं ते इथेच.

लांबी आणि मानही मोजा. हॅलोजनची काच मागे निमुळती होत जाते, एलईडीचं धातूचं अंग मागेपर्यंत जाड असतं. व्यास ५० मिलिमीटर जुळूनही तो चौकटीच्या गळ्यात अडकू शकतो.

बचतीचा हिशेब तुमच्या १० दिव्यांचा: ६ × ३५ आणि ४ × ५० मिळून ४१० वॅट, एलईडीचे ५०. रोज ४ तास धरले तर दिवसाला १.४४ युनिट, वर्षाला ५२५ च्या वर.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. वर बघितलं, दोन होल्डर काळे पडलेत, ते बदलतो. ड्रायव्हरचा रस्ता पक्का. पॅसेजच्या डिमरवर '६०–४०० वॅट' आहे, आणि त्यावर छोटा सूचक दिवाही आहे. न्हाणीघरात शॉवरच्या वर काच लावलेला एक १२ व्होल्टचा स्पॉट आहे, त्याचं काय करावं?

प्रतिसाद १

डिमरचीही तीच गोष्ट: किमान ६०, तुमचे चार एलईडी मिळून २०. तो जुन्या पद्धतीचा, एसी व्होल्टेजच्या प्रत्येक लाटेचा पुढचा भाग कापणारा असणार, गुणगुण त्याचीच. लाटेचा मागचा भाग कापणारा, एलईडीसाठीचा डिमर घ्या आणि त्याचा किमान लोड २० पेक्षा बराच खाली आहे हे बघा. बल्बवरही 'डिमेबल' लिहिलेलं असलं पाहिजे. नसलेला बल्ब डिमरवर लवकर मरतो. नव्या डिमरवर किमान उजेडाचा छोटा स्क्रू असतो. सगळ्यात खालच्या पातळीला दिवे लुकलुकत असतील तर तो थोडा वर घ्या.

बंद असताना दिसणारा मंद उजेड सूचक दिव्यातून झिरपणाऱ्या करंटचा आहे. हॅलोजनला तो जाणवत नाही, एलईडीला तेवढा पुरतो. डिमर बदलल्यावर बहुधा जाईल. न गेला तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तर तोडत नाही ना, ते तपासा. तसं असेल तर ती आधी दुरुस्त करायची चूक आहे, कारण बंद दिव्याच्या होल्डरवरही फेज उभा असतो. साध्या बटणावर दिव्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स २ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर लावून हा उजेड घालवता येतो. डिमरच्या पुढे मात्र नुसता कपॅसिटर लावू नका.

प्रतिसाद २

शॉवरवरचा दिवा १२ व्होल्टचाच राहू द्या. तो तिथे कमी व्होल्टेजचा दिलाय तो ओल्या अंगासाठी, त्याला जीयू १० करू नका. ड्रायव्हर मात्र विलगीकरण असलेला (म्हणजे २३० ची बाजू आणि १२ ची बाजू यांच्यात थेट विद्युत जोड नसलेला), सुरक्षित कमी व्होल्टेजचा हवा आणि तो शॉवरपासून दूर, कोरड्या जागी. त्याच्या डीसी वायरी दोन-चार मीटर लांब गेल्या तरी बिघडत नाही, जुन्या ट्रान्सफॉर्मरला साधारण दोन मीटरची मर्यादा असायची.

काचेच्या बंद चौकटीत एलईडीची उष्णता कोंडते आणि आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून तिथे ३–४ वॅटचाच घ्या, आणि डब्यावर 'बंद चौकटीत वापरू नये' असं लिहिलेलं नाही ना, ते वाचा. काच परत बसवताना रबरी रिंग बघा. हॅलोजनच्या उष्णतेने ती कडक झाली असेल तर नवी घाला, नाहीतर वाफ आत जाऊन होल्डरच्या पिना गंजतील.