व्हायब्रेटर चिकट झालाय, उकळला तर चालेल का?

सांजवारा: लवकर सांगा. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला व्हायब्रेटर चिकट झालाय. कितीही धुतला तरी हाताला तेलकट लागतो, नव्या रबरी चपलेसारखा वास येतो. दोनदा वापरल्यावर आग झाली. उकळून निर्जंतुक केला तर चालेल ना? ओळखीत कोणाला विचारायची सोय नाही.

काजळकाठ: कशाचा बनलाय? आत मोटर आहे का? ल्यूब (घर्षण कमी करणारं जेल) कोणतं वापरता? आग बाहेरून की आतून, आणि अजून होतेय का?

सांजवारा: सिलिकॉनचा, खोक्यावर तसं छापलंय. मोटर अर्थातच आहे.

उंबरझाड: मोटर असेल तर उकळू नका. आणि उकळून हा चिकटपणा जाणारही नाही. चांगलं सिलिकॉन तेल सोडत नाही, त्याला वासही जवळपास नसतो. हे मऊ पीव्हीसी वाटतंय. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ करायला बऱ्याचदा थॅलेट प्रकारचे रासायनिक पदार्थ घालतात. ते प्लास्टिकशी पक्के जोडलेले नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात. युरोपात मुलांच्या खेळण्यांत डीईएचपीसारख्या थॅलेटना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

रानभूल: लायटर लावून बघा. सिलिकॉन वितळत नाही, पांढरी राख पडते. मी सगळं असंच तपासते.

काजळकाठ: हे करू नका! आत बॅटरी आहे, आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो.

रानभूल: इतक्या वर्षांत मला काही झालं नाही.

काजळकाठ: तुम्हाला झालं नाही म्हणून दुसऱ्याला सांगू नका.

मृगजळ: सिलिकॉनवर सिलिकॉनचं ल्यूब लावलं तरी चिकट होतं कधीकधी. मी तर वर कंडोम चढवते, प्रश्नच मिटतो.

उंबरझाड: ल्यूबचा मुद्दा बरोबर. पण तेलाने कंडोमचं लेटेक्स कमकुवत होतं, आणि ही वस्तू स्वतःच तेल सोडतेय.

मृगजळ: मग थॅलेटमुक्त टीपीईचा, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा घ्यावा.

उंबरझाड: थॅलेटमुक्त असलं तरी टीपीई सच्छिद्रच. वरची घाण धुतली जाते, आतले जंतू राहतात. काच, स्टील किंवा पक्कं सिलिकॉन घ्या. या वस्तूंसाठी २०२१ पासून आयएसओ ३५३३ हे मानक आहे, विकणाऱ्याला त्याबद्दल विचारा.

सांजवारा: सांगायचं राहिलं. दुसऱ्या एका मऊ वस्तूबरोबर एकाच पिशवीत ठेवला होता, दोन्ही विरघळल्यासारख्या एकमेकींना चिकटल्यात. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'फक्त नॉव्हेल्टी म्हणून' असंही आहे. ल्यूब पाण्याचं, सुगंधी.

उंबरझाड: म्हणजे शरीरात वापरण्याची जबाबदारी बनवणाऱ्याने घेतलेलीच नाही. दोन्ही टाकून द्या. बॅटरी निघत असेल तर काढून वेगळी द्या, ई-कचऱ्यात.

काजळकाठ: आग अजून होतेय का, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

सांजवारा: होतेय. आतून, तीन दिवस झाले. उद्या डॉक्टरांकडे जाते. खोकं दाखवू का त्यांना? फार अवघड वाटतंय.

काजळकाठ: दाखवा. ल्यूबची बाटलीही न्या, सुगंधी ल्यूबनेही आग होऊ शकते.