मदत हवी आहे: आईचा पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल पण त्यातला एफईएफ २५-७५ हा हवेच्या वेगाचा आकडा कमी, ऑसिलोमेट्री ही साध्या श्वासाची टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, कोराडी रोडकडे राहतो. आई ५८ वर्षांची, सिगरेट-बिडीचा प्रश्नच नाही, पण काटोलकडच्या गावात कित्येक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, तुराट्या-पऱ्हाट्या जाळून, धूर घरातच. दिवाळीनंतर कोरडा खोकला लागला की होळीपर्यंत जात नाही आणि आता तर जिना चढला की धाप लागून राहिली. एक्स-रे, इको, हिमोग्लोबिन सगळं ठीक आहे.

धंतोलीत छातीच्या डॉक्टरांनी पीएफटी करून घेतली. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) अपेक्षेच्या ८८ टक्के, एफव्हीसी (जोरात सोडलेली एकूण हवा) ९६ टक्के, दोघांचा रेशो ०.७४. म्हणजे चांगलं. पण एफईएफ २५-७५ फक्त ६१ टक्के आणि खाली मशीननेच छापलं, 'स्मॉल एअरवे ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे बारीक श्वासनळ्यांत अडथळा. डॉक्टर म्हणाले त्या एका आकड्याकडे बघू नका, आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात हीच सुरुवात असते, पंप (इनहेलर) चालू करा. आणि आईचं तिसरंच, "मले नाही पाहिजे पंपबिंप, सवय लागते त्याची."

मी वाचलं ते असं की २ मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनळ्या हजारोंनी असतात, हवा सगळ्यांत वाटली जाते त्यामुळे एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा कमीच पडतो आणि बऱ्याच खराब होईपर्यंत एफईव्ही१ ला पत्ताच लागत नाही. हे खरं असेल तर नॉर्मल रिपोर्टवर विसंबायचं कसं? आणि हा ६१ खरा मानायचा की नाही?

फुंकर_मास्तर: मी पीएफटी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. एफईएफ २५-७५ म्हणजे जोरात सोडलेल्या हवेतल्या मधल्या अर्ध्या भागाचा सरासरी वेग. हा आकडा फार हलतो. पेशंटने फुंकर मध्येच सोडली, एफव्हीसी कमी आली, की हा उगाच वाढतो, त्यामुळे दोन रिपोर्टांतले एफईएफ तुलनेला घ्यायचे तर एफव्हीसी जवळपास सारखी पाहिजे. टक्के सोडा, झेड स्कोअर (नॉर्मल सरासरीपासून किती दूर ते सांगणारा आकडा) छापला असेल तर तो बघा, -१.६४ च्या खाली गेला तरच कमी म्हणतात. बऱ्याच मशीनमध्ये ६५ टक्के की काहीतरी सरसकट रेषा टाकलेली असते, पण वय वाढलं की नॉर्मलचा पट्टाच रुंद होतो, ६० टक्केही आत बसतात. पंपाच्या आधीची आणि नंतरची अशी दोनदा टेस्ट झाली का? सॅल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) ४०० मायक्रोग्रॅम पंपाने देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात.

ऑसिलोमेट्रीत जोर लावायचा नसतो, नाकाला क्लिप, गाल हाताने दाबून धरायचे आणि साधा श्वास घ्यायचा, अर्ध्या मिनिटाची एकेक रेकॉर्डिंग. मशीन श्वासात बारीक लहरी सोडतं; ५ हर्ट्झच्या लहरीला होणारा अडथळा आर५, त्यातून २० हर्ट्झचा आर२० वजा केल्यावर जे उरतं आणि एक्स५, एएक्स (फुप्फुसाच्या लवचिकपणाचे आकडे), त्यावरून बारीक नळ्यांचा अंदाज येतो. अंदाजच, शिक्का नाही. हवा अडकून राहते का हे बॉडी बॉक्समध्ये (बंद केबिनमध्ये बसवून) आरव्ही, म्हणजे पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरणारी हवा, मोजून कळतं. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायची वेळ आलीच तर श्वास सोडून पण काढायला सांगा, नुसत्या श्वास भरलेल्या फोटोत अडकलेली हवा सुटून जाते.

सीताबर्डीकर: खोकला थंडीतच येतो म्हणता, टेस्ट कधी केली? दम्यात बरं असताना पीएफटी एकदम साफ येऊ शकते, आमच्या काकूंचं तसंच झालं. त्रास चालू असताना परत करा बाप्पा. आणि तुमच्या आईंना सांगा, पंपाची सवय लागत नाही, स्टेरॉइडवाला असेल तर घेतल्यावर चूळ भरायची बस.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. रिपोर्ट परत काढून बघितला, एफईएफचा झेड स्कोअर -१.२ आहे, म्हणजे आतच आला की! पण पंपानंतरचा कॉलम पूर्ण कोरा आहे, ती टेस्ट केलीच नाही वाटते. टेस्ट पावसाळ्यात झाली होती, तेव्हा खोकला नव्हता. तर आता खोकला असताना पंपाआधी-नंतर दोन्ही करून मागतो, पंपाचा निर्णय त्यानंतर डॉक्टरांशी बोलूनच. धाप मात्र तोवर वाढली तर थांबणार नाही. नागपुरात ऑसिलोमेट्री कुठे होते आणि साधारण किती घेतात, कोणी हल्ली केली असेल तर सांगा, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा मिहानच्या एम्समध्ये चौकशी करावी का?